चांदीपासून किती अंतरावर

आधी माफी मागतो, कारण हे लिहायचा मला तसा काही अधिकार नाही. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी गेलो तोही विज्ञानाच्या बाजूला. आजवर जे लिहिलं ते सगळं 'उद्देश' या शब्दापासून सुरू होऊन 'निष्कर्ष' या शब्दावर संपणारं. मराठीत सलग चार पानं लिहायची म्हटलं की कुठलं वाक्य कुठे मोडावं तेच कळत नाही. तरी लिहायला बसलो, कारण गावी गेलो की पारावर कुणी ना कुणी विचारतंच, "तू नेमकं काय करून राहिला रे तिकडं?" मी दर वेळी "उजेडावर काम करतो" म्हणून मोकळा होतो. एकदा एक म्हातारा म्हणाला, "उजेडावर? मग आपल्या डीपीचं बघ की जरा, चार दिस झाले लाईट न्हाई." सगळे हसले, मीही हसलो, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. ते इथे देऊन बघतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव मुखेड तालुक्यात. कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. आमच्या भागात एखाद्या पोराला गुरुजींनी हुशार म्हटलं की त्याला लातूरला धाडतात, तसं मलाही धाडलं. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लातूरलाच दिलेली. तिच्याकडे राहून अकरावी-बारावी केली. डॉक्टर व्हायला गेलो होतो, झालो नाही. निकाल लागला तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "बरं. मग आता काय?" रागाने विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. मग लातूरलाच बीएस्सी, पुढे नांदेडला एमएस्सी, आणि आता नांदेडच्याच एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएचडी. प्रत्येक वेळी घरच्यांना वाटलं की हे शेवटचं शिक्षण. प्रत्येक वेळी मीच त्यांना सांगितलं, अजून थोडं आहे.

काम असं आहे. साखर करपली की काळी पडते, तसंच काहीसं लिंबातलं आम्ल आणि युरिया एकत्र तापवून आम्ही कार्बनचे कण तयार करतो. इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. आम्ही त्यांना ठिपके म्हणतो. या ठिपक्यांवर जांभळा उजेड टाकला की ते हिरवा उजेड परत देतात. पाण्यात काही विषारी मिसळलं असेल, रक्तात काही बिघाड असेल, तर अशा ठिपक्यांवरून ते ओळखता येईल अशी आशा आहे. पण आमच्या ठिपक्यांचा उजेड फार मंद.

तिथे चांदी कामाला येते. चांदीचे तसेच बारीक कण करून ठिपक्यांच्या शेजारी ठेवायचे. डोक्यावर घागर घेऊन चालताना आतलं पाणी पावलांबरोबर हिंदकळतं ना, तशी चांदीच्या कणातली वीज उजेडाबरोबर हिंदकळते. त्यामुळे तिच्या आसपास उजेड गोळा होतो आणि तो ठिपक्याला मिळतो. ठिपक्याने दिलेला उजेडही बाहेर फेकायला चांदी मदत करते. मंद ठिपका तेज होतो. पण अंतर नेमकं पाहिजे. ठिपका चांदीला चिकटला तर चांदी त्याचा उजेड गिळून टाकते. लांब ठेवला तर चांदीला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये काचेचा एक पातळ थर चढवायचा. तो किती जाड असावा, हा माझा पीएचडीचा विषय. एवढाच. पारावर हे सांगायचं म्हटलं तरी कसं सांगायचं?

हा थर चढवण्यात माझी दोन वर्षं गेली. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'खोलीच्या तापमानाला ढवळत ठेवा.' ज्यांनी लिहिलं त्यांची खोली थंड देशातली. नांदेडला एप्रिल-मेमध्ये खोलीच्या तापमानाला माणूससुद्धा धड राहत नाही. थर भराभरा चढायचा, कण एकमेकांना चिकटायचे, आणि सकाळी पिवळंधमक असलेलं चांदीचं पाणी दुपारपर्यंत राखेसारखं व्हायचं. ते ओतून द्यायचं, भांडी धुवायची, पुन्हा सुरुवात. बिलोलीचा एक जण माझ्याच टेबलावर दुसऱ्या विषयात काम करतो. तो मला भांडी धुताना बघून म्हणायचा, "लेका, एवढी चांदी सोनाराकडं दिली असती तर आतापर्यंत जोडवी तरी झाली असती." शेवटी आम्ही माठातल्या पाण्याच्या टोपात चंचुपात्र ठेवून काम करायला लागलो, तेव्हा कुठे चांदी आणि ठिपके बसवलेल्या तीन बऱ्या काचपट्ट्या हाती आल्या. एकीवर पातळ थर, एकीवर मधला, एकीवर जाड.

उजेड मोजायचं चांगलं यंत्र आमच्याकडे नाही. ते लातूरच्या एका कॉलेजात आहे. म्हणून मी काचपट्ट्या स्टीलच्या डब्यात कापूस घालून ठेवायचो आणि एसटीने लातूर गाठायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर. डबा मांडीवर. अहमदपूरला गाडी थांबली की सगळे चहाला उतरतात, मी उतरायचो नाही. एकदा शेजारचे काका बराच वेळ डब्याकडे बघून म्हणाले, "खाऊन घ्या की, लाजता कशाला? आम्ही न्हाई मागत." या प्रवासाचा मला हळूहळू इतका शीण यायला लागला की गाडीत बसल्या बसल्या डोळे मिटायचे, आणि हात मात्र डब्यावर घट्ट असायचे.

गेल्या नवरात्रात मी असाच लातूरला होतो. अक्काला दुसरं बाळ झालं होतं, महिन्याचं होत आलं होतं, आणि माय तिच्या बाळंतपणासाठी तिथेच येऊन राहिली होती. अष्टमीला मी यंत्रावर नुसत्या ठिपक्यांची काच मोजली, कोरी काचही मोजली, म्हणजे पुढे चांदीच्या काचांशी तुलना करता येईल. तेवढ्यात ते यंत्र सांभाळणारे सर आले. कपाळावर भस्माची तीन बोटं, आवाज मोठा, माणूस मोकळा. म्हणाले, "आता बंद कर. उद्या खंडेनवमी हाय, यंत्राची पूजा करायची. बाकीचं दसरा झाल्यावर."

घरी येऊन मी हे मायला सांगितलं. गावी खंडेनवमीला ती कुळव, विळे, खुरपी, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडते, हळदकुंकू लावते. या वर्षी ते चुकणार म्हणून ती सकाळपासून हळहळत होती. म्हणाली, "तुझ्या यंत्राला मी येऊ का? येऊ देतेत का बाया मान्सांना?" मी नेलं तिला. एवढी वर्षं मी कुठे जातो, काय करतो, ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

प्रयोगशाळेत सरांनी झेंडूची माळ आणली होती. दोन-तीन मुली होत्या, त्या तू कर, तू कर म्हणून एकमेकींना ढकलत होत्या. सर म्हणाले, "थांबा गं. मावशी, आज तुमच्या हातानं होऊ द्या."

मायने पदर खोचला. यंत्र म्हणजे एक मोठी पांढरी पेटी. तिच्याभोवती एक चक्कर मारून ती म्हणाली, "तोंड कुठं हाय याचं?"

मुली हसल्या. सरांनी झाकण उघडून दाखवलं. "हे बघा, काच इथं बसवायची, उजेड इकडून येतो. हेच तोंड म्हणा."

आत काच धरायचा एक छोटा चिमटा असतो, स्क्रूचा. मायने त्याला करंगळीशेजारच्या बोटाने नीट हळद लावली, त्यावर कुंकू, दोन अक्षता. मग हात जोडून यंत्राला म्हणाली, "लेकराला लई दमवू नको रे बाबा." सर मोठ्याने हसले. "मावशी, ते आम्हालाबी दमवतंय!" परत येताना रिक्षात मी डबा उघडून काचा दाखवल्या, तेव्हा मायने विचारलं, "ती पिवळी काच म्हंजे चांदी व्हय?" हो म्हणालो. "मग पैंजण पांढरं कसं असतंय?" कण बारीक झाले की रंग बदलतो, असं सांगितलं. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "शिकल्यालं मानूस कायबी सांगतंय."

दसऱ्यानंतर मी चिमटा पुसला. नेहमी पुसतो तसाच, कापसाला अल्कोहोल लावून. कुंकू निघालं, अक्षता झटकल्या, चिमटा चकचकीत झाला. मग चांदीच्या तिन्ही काचा मोजल्या. मधल्या थराच्या काचेचा उजेड नुसत्या ठिपक्यांच्या सात पट आला. आधी वाटलं आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढाच. बाकीच्या दोन काचाही चांगल्या वाढलेल्या. सरांनी पाठीत थाप मारली. त्या दिवशी अहमदपूरला मी चहाला उतरलो.

माझ्या मार्गदर्शक मॅडम नांदेडला होत्या. वयाने फार नाहीत, पण घर, कॉलेज, आम्ही विद्यार्थी, सगळं ओढून त्या कायम थकलेल्याच दिसतात. आवाज मात्र कधी चढत नाही. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला. मी वाट बघत होतो की आता त्या हसतील.

"कोरी काच मोजलीस?"

"हो मॅडम. शून्याजवळ आहे."

"कधी मोजलीस?"

"अष्टमीला."

"आणि चांदीच्या?"

"दसऱ्यानंतर."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कोरी काच त्याच दिवशी मोजायची असते, हे मी तुला किती वेळा सांगितलंय? आणि हे बघ. पातळ थराची काचही वाढलीय, जाडही वाढलीय. अंतर बदललं तरी सगळ्या वाढतायत. मग अंतराचा उपयोग काय राहिला? जा, परत कर."

हे मलाही दिसायला हवं होतं. पण इतके दिवस काही मिळालं नसेल आणि एकदम मिळालं, तर माणूस ते उलटून बघत नाही.

पुन्हा डबा, पुन्हा एसटी. चिमट्यात कोरी काच बसवली, जिच्यावर ठिपके नाहीत, चांदी नाही, काहीच नाही. यंत्राने हिरवा उजेड दाखवला. चांगला, रुंद, ठसठशीत हिरवा. मी काच बदलली. तोच उजेड. काच काढून टाकली, नुसता चिमटा ठेवला. तरी उजेड. सर शेजारी येऊन उभे राहिले. नोटा खऱ्या की खोट्या बघायची दुकानात मिळते ती छोटी जांभळी बॅटरी त्यांच्या खणात होती. खोलीचे पडदे ओढून त्यांनी ती चिमट्यावर धरली. स्क्रूच्या आट्यांमधून, कडेच्या खाचेतून, आणि मी पुसल्याच्या फटकाऱ्यावरसुद्धा, पिवळसर हिरवं चमकत होतं.

"हळद," सर म्हणाले.

हळद जांभळ्या उजेडात हिरवी चमकते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बीएस्सीच्या मुलांना मी ते करून दाखवतो. आणि हळद अल्कोहोलमध्ये विरघळते, हेही. म्हणजे मी पुसली नव्हती, सगळीकडे पसरवली होती. माझ्या सात पटीतली बहुतेक पट मायच्या हळदीची होती.

सरांनी पडदे उघडले. मग म्हणाले, "चूक आपलीच हाय बाबा. तोंड मीच दाखवलं त्यांना." आणि थोड्या वेळाने, "मावशींना न्हाई सांगायचं."

नाही सांगितलं. माय फोनवर विचारायची, "यंत्र बरं चालतंय न्हवं?" मी म्हणायचो, चालतंय.

चिमटा आम्ही पूर्ण खोलला. एकेक स्क्रू अल्कोहोलमध्ये बुडवून धुतला, जांभळ्या बॅटरीखाली काही चमकेनासं होईपर्यंत. मग कोरी काच मोजली, नुसते ठिपके मोजले, तिन्ही चांदीच्या काचा मोजल्या, सगळं एका बैठकीत. पातळ थराची काच नुसत्या ठिपक्यांपेक्षाही मंद निघाली, चांदीने गिळलेली. जाड थराची जशीच्या तशी. मधली तेवढी जेमतेम दुप्पट.

दुप्पट म्हणजे काहीच नाही असं नाही. पुस्तकं म्हणतात तसंच होतं ते. जवळ ठेवलं की गिळलं, लांब गेलं की काही नाही, मधे वाढलं. पण सात पाहिल्यावर दोनकडे बघवत नाही. आणि आता हेही खरं कशावरून? दिवाळीनंतर प्रगती तपासणारी समिती बसली. फेलोशिप पुढे चालू ठेवायची की नाही, ते याच समितीच्या शिफारशीवर ठरतं. मॅडमनी सांगितलं होतं, काही लपवायचं नाही. मी हळदीसकट सगळं सांगितलं. समितीतले एक सर आधी हसले, मग म्हणाले, "मग आता ही दुप्पट कुंकवाची नसेल कशावरून?" बाकीचेही हसले. उत्तर मॅडमनीच सांगितलं.

त्यांनी सांगितलं ते असं. ठिपक्याला उजेड मिळाला की तो एक क्षण धरून ठेवतो आणि मग देतो. डोळ्याची पापणी लवायच्याही कितीतरी आधी. त्या धरून ठेवण्याच्या काळाला आयुष्य म्हणतात. शेजारी चांदी नेमक्या अंतरावर असेल तर ठिपका तो उजेड लवकर देऊन टाकतो, म्हणजे आयुष्य कमी होतं. घाण, डाग, हळद, कुंकू, यांचा नुसता उजेड मिसळतो, त्याने ठिपक्याचं स्वतःचं आयुष्य बदलत नाही. तेव्हा मधल्या काचेचा उजेड वाढलेला असेल आणि आयुष्य घटलेलं असेल, तर ते चांदीनेच केलं. हे मोजायचं यंत्र लातूरलाही नाही, नांदेडलाही नाही. दूरच्या एका मोठ्या संस्थेत आहे. मॅडमच्या ओळखीचं तिथे कुणीतरी होतं.

समितीने मान्य केलं. तो आकडा येईपर्यंत थांबू. आयुष्य घटलेलं निघालं नाही, तर फेलोशिपची शिफारस करणार नाही.

मी काचा कापसात गुंडाळून, डब्यात घालून, डब्याला चिकटपट्टी लावून पाठवल्या. पोचल्याचं कळलं. नंतर काही कळलं नाही. मी विचारायचो, उत्तर यायचं, 'रांगेत आहेत.' मग यंत्राचा दिवा गेला, तो बाहेरून येणार. मग सुट्ट्या. दुसऱ्या काचा करत होतो, पण मन लागत नव्हतं. कण वाढवा, थर चढवा, धुवा. नळाखाली भांडी धरून उभा राहिलो की वाटायचं, इथेच खाली बसावं. बिलोलीच्या जोडीदाराने थट्टा करायचीही सोडून दिली, त्यावरून मी कसा दिसत असेन ते कळलं. एकदा त्याने न बोलता माझी सगळी भांडी धुऊन ठेवली. मी आभारही मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

तुरीच्या राशी झाल्या आणि मी गावी गेलो. आबांनी जेवताना विषय काढला. मुखेडला एका क्लासवाल्यांना विज्ञान शिकवायला माणूस पाहिजे होता. त्यांनी आबांना बाजारात गाठून सांगितलं होतं, तुमचा मुलगा येत असेल तर सांगा, नाहीतर दुसरा बघतो.

"तुझं तिकडचं काय म्हणतंय?" आबांनी विचारलं.

"वाट बघून राहिलो."

"कशाची?"

"एक आकडा यायचाय."

"आला तर?"

"तर आणखी दोन-अडीच वर्षं."

"अन् न्हाई आला तर?"

मी भाकरी मोडत राहिलो. माय म्हणाली, "जेवू द्या की त्याला." आबा म्हणाले, "जेवू नको कुठं म्हणतोय मी? त्या मानसाला येत्या बाजाराला काहीतरी सांगावं लागंल, एवढंच. तो आपल्यासाठी किती थांबंल?"

आबांचं चुकत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्लासचं मला वाईटही वाटत नव्हतं. फळ्यावर उजेडाचे नियम लिहायचे, संध्याकाळी घरी यायचं, मायच्या हातचं खायचं. अंग इतकं शिणलं होतं की ते मला विसाव्यासारखं वाटायला लागलं. दोन दिवस मी विचार केला, म्हणजे विचार असा नाही, पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी आबांना म्हणालो, "हो म्हणून सांगू."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मनापासून?"

"सांगून टाकू, आबा."

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं मुखेडला गेलो. आबांना बैलाची वेसण आणि कासरा घ्यायचा होता. ते आधी घेतलं असतं तरी चाललं असतं, पण आबा म्हणाले, "आधी त्यांच्याकडं जाऊन येऊ. काम उरकलं की बरं." क्लास एका दुकानाच्या माडीवर होता. खाली मिरच्यांची पोती उतरवत होते, सगळे शिंकत होते. आबा जिन्यापाशी थांबले, टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. "चल," म्हणाले.

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि फोन वाजला. मॅडमचा होता.

"कुठे आहेस?"

"मुखेडला. बाजारात."

"आवाज येतोय का माझा?"

"येतोय, बोला." मी दुसऱ्या कानात बोट घातलं. मागे कुणीतरी मेथीच्या जुड्या ओरडून विकत होतं.

"रिपोर्ट आलाय तुझा. पातळ थराचं आयुष्य घटलंय, ते अपेक्षितच होतं. जाड थराचं बदललं नाही. आणि मधल्याचं..." त्या थांबल्या. कागद उलटल्याचा आवाज आला. "मधल्याचं जवळजवळ निम्म्यावर आलंय. पुन्हा पुन्हा मोजलंय त्यांनी, दर वेळी तेच. ऐकतोयस ना?"

"हो मॅडम."

"चांदीच आहे रे. दुसरं काही नाही. समितीला मी आजच पाठवते."

आणखी काहीतरी त्या बोलल्या, परत कधी येतोस, नव्या काचा कितपत झाल्या. मी हो, हो म्हणत राहिलो. फोन बंद झाला तरी तो कानालाच होता. आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी त्याच पायरीवर नुसता बसलो. एका हमालाने पोतं घेऊन जाताना म्हटलं, "वाटंत बसू नका, मालक."

आबा माझ्याकडे वाकले. "कुणाचा होता? काय झालं?"

"मॅडमचा. आकडा आला."

"काय आला?"

"कमी आला, आबा."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आपलं बोलणं त्यांना कसं पोचलं ते मला तेव्हा कळलं, आणि मी उठून उभा राहिलो.

"न्हाई, न्हाई. तो कमीच यायला पाहिजे होता. कमी आला म्हंजे आपलं खरं निघालं."